गणित कोणाच्या पक्षाचे?

शास्त्रज्ञाने लिहिलेले आत्मचरित्र हा प्रकार मराठीत दुर्मिळच म्हणावा लागेल. नटांनी, पुढाऱ्यांनी, साहित्यिकांनी आणि सेवानिवृत्त अंमलदारांनी आपापल्या कैफियती विपुल लिहून ठेवल्या. परंतु ज्याच्या हयातीचा मोठा भाग समीकरणांच्या सहवासात गेला अशा मनुष्यापाशी लोकांस सांगण्याजोगे काही असेल, असे फारसे कोणाला वाटले नसावे. डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ 2012 साली निघाले, 2014 साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि वाराणसी, केंब्रिज, मुंबई व पुणे या चार नगरांच्या निमित्ताने एका गणितज्ञाचे आयुष्य मराठी घरांतील पुस्तकांच्या कपाटात कायमचे दाखल झाले. 20 मे 2025 रोजी ग्रंथकर्त्याचे पुण्यात निधन झाल्यावर अनेक कपाटांतून ते पुन्हा बाहेर आले. कोथरूडात ते ज्या दोन गृहस्थांच्या हातांत पडले, त्यांच्यातील वादाचा हा गोषवारा आहे.

पैकी एक गृहस्थ संख्याशास्त्राचे सेवानिवृत्त प्राध्यापक. दुसरे शास्त्रीबुवा, त्यांचे आयुष्य पंचांगाच्या गणितात गेले आणि घरी त्रिकाळ संध्या अद्याप चालू आहे. कर्वे रस्त्यावरील मृत्युंजयेश्वराच्या देवळाच्या आवारात हे दोघे सायंकाळी बसतात. प्राध्यापक गाभाऱ्यात जात नाहीत, पण आवारातील सावलीशी आपले काही वैर नाही, असे ते सांगतात. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, ते महर्षी कर्वेही गणिताचेच अध्यापक होते. टिळक फर्ग्युसन महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर 1891 साली कर्वे तेथे गणित शिकवावयास आले. टिळकांनी गणित शिकवले आणि गीतेवर भाष्य केले. कर्व्यांचे आप्त रघुनाथराव परांजपे 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि आमरण बुद्धिवादी राहिले. एकाच विषयाच्या अभ्यासातून इतक्या भिन्न वृत्तीची माणसे निघतात, ही गोष्ट या दोघांच्या वादात मला सारखी आठवत होती.

शास्त्रीबुवा : पुस्तक मी अथपासून इतिपर्यंत वाचले, प्राध्यापकमहाशय. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, मातोश्री संस्कृतच्या विदुषी, घरात मामा फळ्यावर गणिताचे कूटप्रश्न मांडून ठेवतात आणि भाचा ते सोडवल्यावाचून सोडत नाही. असे घर ज्याला लाभले त्याच्याविषयी मला आदरच वाटतो. माझी तक्रार निराळी आहे. ज्योतिष्यांना एवढ्या तातडीने खोटे ठरवणारा हा मनुष्य स्वतःच्या सिद्धान्ताच्या बाबतीत तेवढा कठोर का झाला नाही?

प्राध्यापक : त्या प्रश्नाकडे येऊ, आणि तो टाळण्याची माझी इच्छाही नाही. पण आधी ‘तातडीने’ हा शब्द आपण मागे घ्यावा. 2001 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत सुरू करण्याचे ठरवले तेव्हा नारळीकरांनी जाहीर विरोध केला हे खरे. पण तेवढ्यावर न थांबता 2008 साली त्यांनी चाचणी घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग यांच्या साहाय्याने त्यांनी 200 पत्रिका जमवल्या. 100 शाळेत हुशार म्हणून गणलेल्या मुलांच्या, 100 मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या 40 दिल्या आणि एवढेच विचारले की, यांतील कोणती पत्रिका कोणत्या गटातली. अट आधी ठरली आणि निकाल नंतर लागला, शास्त्रीबुवा, हा त्यातला मुख्य मुद्दा आहे.

शास्त्रीबुवा : निकाल मला ठाऊक आहे. 27 जणांनी उत्तरे पाठवली.

प्राध्यापक : आणि बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण शेकडा 46 भरले. नाणे उडवून उत्तरे लिहिली असती तर शेकडा 50 भरले असते. यावरून ज्योतिषी नाण्याहून वाईट, असा विनोद करणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो, कारण तोही न्याय होणार नाही; 46 आणि 50 यांतील फरक 40 पत्रिकांच्या एकेका संचात यदृच्छेने पडू शकतो. 40 नाणी उडवली तर सरासरी 20 छापे पडतात आणि प्रमाण विचलन तीनाहून किंचित अधिक असते. म्हणजे एखाद्याने 24 बरोबर सांगितल्या, तरी त्यात विद्येचा अंश मानण्याचे कारण नाही. 40 पैकी 35 बरोबर आल्या असत्या तर मात्र आमच्या विभागातील झोपा उडाल्या असत्या.

येथे शास्त्रीबुवा काही वेळ बोलले नाहीत. फलज्योतिषाचा कैवार घेऊन ते उसळतील अशी माझी अपेक्षा होती, पण त्यांनी वाद भलत्याच वाटेने नेला.

शास्त्रीबुवा : त्या चाचणीत पुढाकार घेणाऱ्या दाभोलकरांना 2013 च्या ऑगस्टच्या 20 तारखेस सकाळी ओंकारेश्वराच्या पुलावर गोळ्या घालून मारले. त्या दिवशी मी पूजेस बसलो होतो आणि माझे मंत्र चुकत होते, हे आपणांस सांगून ठेवतो. देवाचा कैवार घेणारा प्रत्येक जण माझ्या पक्षाचा, असे आपण समजू नये. आता पंचांगाविषयी. आपण लोक आम्हांला असे वागवता, की जणू पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे असे धरून आम्ही ग्रहणे वर्तवतो. केरूनाना छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात पटवर्धनी पंचांग काढले ते कशासाठी? जुन्या करणग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशात त्या जागी दिसेनात म्हणून. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ रचले तेही त्याचसाठी. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चा एवढा मोठा इतिहास लिहिला तो काय भविष्य सांगण्याकरिता? आमच्यात ‘दृक्प्रत्यय’ म्हणतात तो हाच. डोळ्यांना प्रतीती येईल तेच गणित खरे. आपल्या प्रयोगशाळांचा जो आग्रह, तोच आमच्या वाडवडिलांनी सोवळे नेसून धरला.

प्राध्यापक : मान्य. निःसंशय मान्य. आणि म्हणूनच मला विस्मय वाटतो की, शुक्र कोठे दिसेल यासाठी दृक्प्रत्यय मागणारी आपली परंपरा, शुक्राने विवाह केव्हा होईल यासाठी दृक्प्रत्यय का मागत नाही.

शास्त्रीबुवा : मागत नाही हे खरे; त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. पण पंचांगाच्या गणितातही डोळ्यांनी सगळे ठरत नाही, हे ऐका. टिळक पंचांग आरंभबिंदू रेवतीच्या तारेवरून धरते, इतर बहुतेक चित्रेवरून धरतात. दोहोंच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा भेद पडतो आणि एखाद्या वर्षी एका घरात अधिक महिना असतो, तर शेजारच्या घरात नसतो. आकाश एक, गणिताची शुद्धता तीच, ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष दोन्ही पंचांगांत जुळतात. तरी महिना निराळा. आरंभ कोठून मोजायचा हे आकाश सांगत नाही. 1952 साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली, तिच्या शिफारशीवरून 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अंमलात आली. तिच्यावरून आज किती घरांत गणपती बसतो? सरकारी दप्तरावर तारीख छापण्यापलीकडे तिची मजल गेली नाही. प्रमाण मानणे आणि आचरणात आणणे यांच्यामध्ये जी जागा आहे, तेथे श्रद्धा राहते असे माझे म्हणणे.

प्राध्यापक : येथे माझा विरोध नाही. आरंभबिंदू हा संकेत आहे, आणि संकेत समाज ठरवतो. पण नारळीकरांचा वाद संकेताशी नव्हता.

शास्त्रीबुवा : मग माझ्या मूळ तक्रारीकडे या. 1948 साली हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला की, विश्व अनादि आहे, ते प्रसरण पावते आणि रिकाम्या होणाऱ्या जागी नवे द्रव्य उत्पन्न होत राहते. नारळीकर हॉइलांचे शिष्य. 1965 साली पेन्झियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे ते मंद प्रारण सापडले, निरपेक्ष शून्यावर सुमारे तीन अंशांचे, आणि बहुतेक ज्योतिर्विदांनी महास्फोटाच्या बाजूने निकाल दिला. तरी 1993 साली हॉइल, बर्बिज आणि नारळीकर पुन्हा तोच सिद्धान्त नव्या वेषात घेऊन उभे! एवढ्या वर्षांत तीन अंशांच्या पुराव्याने ज्याचा आग्रह सुटला नाही, त्याने 40 पत्रिकांच्या पुराव्याने माझ्या ज्ञातिबांधवांचा आग्रह सुटावा अशी अपेक्षा करावी, हे आपणांस न्याय्य वाटते?

हा प्रश्न, माझ्या मते, त्या सायंकाळी विचारलेला सर्वांत चांगला प्रश्न होता. मराठीत नारळीकरांवर लिहिणारे बहुधा येथे पोचत नाहीत; ते त्यांच्या विनयाची आणि विज्ञानकथांची स्तुती करून थांबतात. प्राध्यापकांनीही उत्तर देण्याची घाई केली नाही.

प्राध्यापक : आपण त्यांना नेमके त्यांच्या अवघड जागी पकडले आहे. मी मान्य करतो की, शंका घेणे हा ज्याचा धर्म, तोही स्वगृहीच्या सिद्धान्तावर शंका घेताना मंद होतो, आणि नारळीकर त्याला अपवाद होते असे मी म्हणणार नाही. पण 1961 ची हकीकत आठवा. मार्टिन राइल यांनी रेडिओ-उद्गमांची गणती करून स्थिर स्थिती खोटी ठरल्याचे जाहीर केले, आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत हॉइलांच्या गैरहजेरीत उत्तर देण्याचे काम या तेवीस वर्षे न भरलेल्या विद्यार्थ्यावर आले. तेव्हा त्याने राइल यांना नास्तिक म्हटले नाही, अगर आमच्या आचार्यांचे वचन आहे असेही सांगितले नाही. गणती अशी का दिसू शकते, याचे गणित मांडले. 1993 च्या सिद्धान्तातही त्या मंद प्रारणाचे स्पष्टीकरण दिले आहे, की ते ताऱ्यांचे प्रकाशकण लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेले आहेत. ते कोणाला पटले नाही हा भाग वेगळा. पण त्याबरोबर आपण हरलो हे कशावरून कळेल, याचे निकषही दिलेले आहेत. अतिशय अंधूक दीर्घिकांत काहींचा वर्णपट निळ्याकडे सरकलेला दिसला पाहिजे, महास्फोटाच्या मानलेल्या काळाहून वृद्ध तारे सापडले पाहिजेत. आपल्या 27 ज्योतिष्यांपैकी कोणी असे लिहून दिले का, की इतक्या पत्रिका चुकल्या तर मी व्यवसाय सोडीन?

शास्त्रीबुवा : नाही दिले. आणि नारळीकरांनी सोडला का?

प्राध्यापक : नाही सोडला.

दोघेही हसले.

शास्त्रीबुवा : आता गंमत पाहा. महास्फोटाला विश्वाचा प्रारंभ लागतो आणि प्रारंभ म्हटला की, कोणीतरी कर्ता शोधू लागतो. 1951 साली पोप बारावे पायस यांनी विद्वानांच्या सभेत या सिद्धान्तात सृष्टिकर्त्याची साक्ष पाहिली. आणि ज्या धर्मोपदेशकाने तो सिद्धान्त मूळ मांडला, त्या लमेत्रलाच हे रुचले नाही! उलट विश्वाला आदि नाही, हे म्हणणे आमच्या कानांना परिचयाचे. मग नारळीकरांचा सिद्धान्त तुमच्यापेक्षा माझ्याच अंगणात अधिक शोभतो.

प्राध्यापक : शोभेल, म्हणूनच मी सावध राहतो. नासदीय सूक्ताच्या अखेरीस, जो या सृष्टीचा अध्यक्ष आहे त्याला तरी हे ठाऊक असेल, की नसेल, अशी शंका काढली आहे. ती आपल्या समाधानाला आधार देते असे मला वाटत नाही.

शास्त्रीबुवा : तेथे आमचेच ऋषी आपल्याहून पुढे गेले, एवढे तरी लिहून घ्या. बरे, हॉइलांचे काय? 1953 साली त्यांनी सांगितले की, तारे कार्बन तयार करतात तर कार्बनच्या अणुगर्भाला सुमारे 76.5 लाख इलेक्ट्रॉन व्होल्टांची एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, आणि कॅलिफोर्नियात फाउलरच्या प्रयोगशाळेत ती सापडली. पुढे त्याच हॉइलांनी लिहिले की, पदार्थविज्ञानाच्या नियमांशी कोणा महाबुद्धीने लुडबूड केलेली दिसते. गुरूच असे म्हणू लागला!

प्राध्यापक : गुरूने म्हटले, पातळी सापडली ती त्याने म्हटले म्हणून नव्हे. हा भेद मी एका संख्येने सांगतो. नामगिरी देवी स्वप्नात सूत्रे देते, असे रामानुजन सांगत, आणि त्यांचे सहकारी हार्डी पक्के निरीश्वरवादी. दोघांनी मिळून 1918 साली संख्यांच्या विभाजनांचे सूत्र प्रसिद्ध केले. 200 ही संख्या किती प्रकारांनी बेरजेच्या रूपात मांडता येते, याची गणना मॅकमहन यांनी हाताने केलेली होती. ती आली 3972999029388, आणि सूत्रातूनही तीच संख्या निघाली. देवीचे अस्तित्व यात सिद्ध झाले नाही, हार्डींचा निरीश्वरवादही सिद्ध झाला नाही. सूत्र स्वप्नातून आले की चहाच्या पेल्यातून, हे गणित विचारीतच नाही.

शास्त्रीबुवा : मग गणित आपल्या पक्षाचे आहे, असा तोरा तरी कशाला?

प्राध्यापक : तो तोरा मी कधीच उतरवून ठेवला. नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही गोष्ट वाचली आहे ना? मोबियसच्या पट्टीसारखा अवकाशाला पीळ पडला तर डावे उजवे होते, या कल्पनेवर ती उभारली आहे. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळेओवळे वेगळे, असे आपण मानता. लेखकाने त्या सोंडेला भूमितीचा एक प्रश्न करून टाकले. त्यात चेष्टा नाही. मूर्तीला हातही लावलेला नाही. फक्त डावीकडून उजवीकडे जाण्याचा एक निराळा रस्ता दाखवला.

शास्त्रीबुवा : आणि मला त्या गोष्टीत त्यांच्या साऱ्या व्याख्यानांपेक्षा अधिक आस्था दिसली. ज्याला गणपतीची सोंड लक्षात ठेवावीशी वाटते, तो मनुष्य घरातून पुरता बाहेर पडलेला नसतो.

प्राध्यापक : घरातून बाहेर पडण्याची अट विज्ञानाने कोणाला घातली? हॉइलांची आणखी एक कल्पना होती, की जीवसृष्टीचे बीज अंतराळातून आले. शिष्याने ती नुसती मानली नाही; 2001 साली हैदराबादहून फुगा वर सोडवून सुमारे 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा तपासून घेतली. जीवाणू मिळाले, पुढील फेरीत मिळालेल्या एका नव्या जातीला तर हॉइलांचेच नाव दिले गेले. पण ते वरून आले की खालून वर गेले, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. गुरुभक्ती म्हणावी तर ती आहेच, परंतु ती फुग्यात बसवून तपासणीला पाठवलेली गुरुभक्ती आहे.

शास्त्रीबुवा : ठीक. आता मी आपणांस अट घालतो. कोणता पुरावा पुढे आला तर आपण आपली नास्तिकता सोडाल? कागदावर लिहून द्या, मुदतही घाला.

प्राध्यापक : फलज्योतिषाविषयी देतो, 40 पैकी 35, आणि तेही दोनदा. ईश्वराविषयी देत नाही, कारण त्याने माझ्याशी 40 पत्रिकांची पैज मारलेली नाही. ती दरखास्त मी नामंजूर केलेली नाही, शास्त्रीबुवा. ती दाखल करून घेण्याजोगी मला कोणी लिहूनच दिली नाही.

शास्त्रीबुवा : म्हणजे आपणही त्या ठिकाणी निकष न सांगताच बसला आहात. छान. मीही आपला हिशेब सांगतो. पंचांगाला मी नारळीकरांच्या अटी घालीन. ग्रह दिसला नाही तर गणित बदलीन, मग आचार्य कोणीही असोत. संध्येला मात्र घालणार नाही. तिच्यापासून मी काही वर्तवत नाही आणि कोणाला काही सांगतही नाही. सूर्याला अर्घ्य दिले म्हणून तो उगवतो, असे मानण्याइतका मी अजून भ्रमिष्ट झालो नाही.

प्राध्यापक : संध्येवर माझा आक्षेप कधीच नव्हता. पण मागल्या आठवड्यात एक गृहस्थ आपल्याकडे मुलीची पत्रिका घेऊन आले होते, आणि मंगळ सांगून आपण ती परत केलीत. ती नोंद कोणत्या खात्यावर घातलीत, पंचांगाच्या की संध्येच्या?

शास्त्रीबुवा : हा प्रश्न आपण गेल्या अधिक महिन्यातही विचारला होता.

प्राध्यापक : होय. आणि उत्तरासाठी आपण मुदत वाढवून घेतली होती.